‘मी आलोच’ या वाक्याचा काळ कसा मांडावा? मदत हवी आहे

तापीकाठ : बोलण्यातील वाक्यांचा काळ मी तत्त्वज्ञ हान्स रायकेनबाख यांच्या १९४७ च्या पद्धतीने, म्हणजे उक्तिक्षण (बोलण्याचा क्षण), घटनाक्षण (घटना घडण्याचा क्षण) आणि संदर्भक्षण (ज्या क्षणावरून घटनेकडे पाहिले जाते तो) असे तीन बिंदू घेऊन मांडत आहे. ‘पाऊस आला तेव्हा कापूस वेचून झाला होता’ हे वाक्य सहज बसले, कारण वेचणी आधीची, पावसाचे येणे हा संदर्भ नंतरचा आणि उक्ती शेवटची आहे. ‘थांबा, मी आलोच’ मात्र बसत नाही. सोमवारी काम द्यायचे आहे, कृपया क्रम सांगावा.

गिरणाकाठ : नोंद क्रियारूपाची आहे की अर्थाची, हे आपण लिहिलेले नाही.

व्याकरणप्रेमी : पाणिनीचे ‘आशंसायां भूतवच्च’ (३.३.१३२) हे सूत्र पाहावे. इष्ट गोष्टीची अपेक्षा असेल, तर पुढे घडणाऱ्या क्रियेसाठीही भूतकाळाचे रूप विकल्पाने चालते. ‘पाऊस आला, की पेरणी झालीच’ असे आपला शेतकरी म्हणतो, ते याच न्यायाने.

अमळनेरकर : येथे ते सूत्र लागू होत नाही. पाऊस कोणाच्या हातात नसतो, म्हणून तेथे आशंसा आहे. ‘आलोच’ म्हणणारा मात्र स्वतःच्या येण्याची हमी देतो. माझ्या मते बिंदूच सोडावेत. दिवसभराची वेचणी एका बिंदूत कशी मावेल? संगणकशास्त्रज्ञ जेम्स ॲलन यांनी १९८३ मध्ये दोन कालखंडांमधील तेरा संबंध मांडले आहेत, ते घ्यावेत.

तापीकाठ : नोंद अर्थाची आहे आणि तीन बिंदूंची अट मार्गदर्शकांची आहे. कालखंड मला चालणार नाहीत.

पांझराकाठ : आधी क्रियापदाचा वर्ग ठरवावा. तत्त्वज्ञ झेनो व्हेंडलर यांनी १९५७ मध्ये क्रियापदांचे स्थिती, चालू राहणारी क्रिया, सिद्धीस जाणारी क्रिया आणि क्षणात घडणारी घटना असे चार वर्ग केले होते.

गिरणाकाठ : वर्ग ठरला तरी क्रम ठरत नाही. तापीकाठ, अर्थच नोंदवायचा असेल, तर उक्तिक्षण आणि संदर्भक्षण एकत्र ठेवून घटनाक्षण त्यांच्यानंतर दाखवावा. ‘थांबा’ या शब्दामुळे ऐकणाऱ्याचे लक्ष आताच्या क्षणावरच राहते, म्हणून संदर्भ पुढे सरकवू नये. भूतकाळाचे रूप वेगळ्या रकान्यात लिहावे.

व्याकरणप्रेमी : मग ‘उद्या आलोच म्हणून समजा’ याचे काय करावे?

गिरणाकाठ : तेथे ‘उद्या’ या शब्दाने संदर्भ पुढे नेला आहे, म्हणून उक्तीनंतर संदर्भक्षण आणि घटनाक्षण एकत्र येतील.

तापीकाठ : ही दोन्ही वाक्ये शेजारी ठेवून नोंदवितो. आभारी आहे.