प्रतिसाद : जितकं लाल तितकं गोड?

'सफरचंद जितकं लालभडक तितकं गोड' असं या धाग्यावर वर कोणीतरी लिहिलंय, ते काही पटलं नाही. लाली उन्हाने आणि रात्रीच्या गारव्याने चढते. फळ पिकलंय का ते देठाजवळच्या खळगीत बघायचं, तिथला हिरवा रंग पिवळसर झाला असेल तर बिनधास्त घ्या. राजवाड्याजवळच्या गाड्यावर मी एकेक फळ असं उलटंपालटं करते. गाडीवाले काका म्हणतात, "ताई, सफरचंद घेताय की स्थळ बघताय?"

सफरचंदाच्या साखरांब्याबद्दल मात्र इथे कोणीच लिहिलं नाही. गेल्या उन्हाळ्यात मी रॉयल डिलिशस या लाल जातीच्या सफरचंदाचा केला. शीतगृहातलं फळ, आधीच पिठूळ झालेलं. पाकात पडलं आणि दहा मिनिटांत लगदा! शेवटी तो पोळीला लावून संपवला. पुढच्या खेपेला हिरवं ग्रॅनी स्मिथ आणलं. नुसतं खायला दात आंबतात, पण शिजूनही फोडी शाबूत राहिल्या आणि लिंबू पिळावं लागलं नाही. कैरी नसते तेव्हा भेळेतही तेच बारीक चिरून घालते. नुसतं खायला आमच्याकडे फुजी जातीचं. रॉयल घ्यायचंच तर ऑगस्ट-सप्टेंबरात, हिमाचलचा ताजा माल येतो तेव्हा, आणि आणल्या आणल्या फ्रीजमध्ये.