पगार महिनाअखेर टिकत नाही आणि हिमोग्लोबिन ९.४ आलंय, सुरुवात कुठून करू?

कुपवाडची_आई

नमस्कार सगळ्यांना, बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय, मोठं होईल, सांभाळून घ्या.

मी कुपवाड एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्स बघते, ९ ते ६, पगार हातात १७ हजारांच्या आसपास पडतो. मिस्टर दुसऱ्या कंपनीत शिफ्टला असतात, त्यांचा थोडा जास्त आहे. मुलगी चौथीत, मुलगा सिनियर केजीत. सासूबाई सोबत आहेत पण त्यांना बीपी आणि गुडघ्यांचा त्रास, त्यामुळं त्यांच्यावर सगळं टाकता येत नाही. घर स्वतःचं, भाडं नाही, फक्त गाडीचा हप्ता. म्हणजे वहीवर मांडलं तर भागायला पाहिजे, पण भागत नाही. ७ तारखेला पगार होतो आणि २२-२३ ला क्रेडिट कार्ड बाहेर निघतं. कार्डवर आता ३८ हजार साठलेत आणि मी दर महिन्याला मिनिमम भरते.

पैसे कुठं जातात ते साधारण कळतं मला. साडेसहाला घरात पाऊल टाकते तेव्हा पोरं भुकेली असतात आणि माझ्यात उभं राहायची ताकद नसते, मग कधी कोपऱ्यावरच्या गाड्यावरनं वडापाव, कधी ॲपवरनं काहीतरी मागवलं जातं, आठवड्यातनं दोन-तीनदा तरी. आणि रात्री पोरं झोपली की अर्धा तास मोबाईल घेऊन पडते, तो एवढाच वेळ माझा असतो, त्यात ३९९ चा कुर्ता, डबे, मुलीच्या क्लिपा असं काय काय ऑर्डर होतं. एकेकटं बघितलं तर काहीच मोठं नाही.

तब्येतीचं म्हणाल तर वय ३६. सकाळी चहा-खारी, दुपारी गार डबा, ऑफिसात दोन-तीन चहा. दोन जिने चढले की धडधडतं. कंपनीत तपासणी शिबिर झालं त्यात हिमोग्लोबिन ९.४ आणि एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ५.९ आलं. आईला शुगर आहे त्यामुळं ते वाचल्यापासून डोक्यातनं जात नाहीये.

पहाटे पाचला उठून चाला असं कृपया सांगू नका, मी साडेपाचला उठतेच, डबे असतात. जिमला वेळ नाही आणि पैसेही नाहीत. खर्च आणि तब्येत दोन्ही एकदम सुधारायला जाते आणि चार दिवसांत दोन्ही सुटतं. नेमकं आधी काय धरू?

मिरज_सिस्टर

ताई, आधी हिमोग्लोबिन धर. बाकी सगळं त्याच्या मागनं येऊ दे.

मी मिरजेत हॉस्पिटलला आहे, रोज बघते, बायका ९-९.५ वर नोकरी, घर, सगळं ओढत असतात आणि स्वतःला आळशी म्हणत असतात. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की तो ॲनिमिया, म्हणजे तुझं चांगलंच कमी आहे. संध्याकाळी उभं राहायची ताकद नाही असं जे लिहिलंयस ते रक्त कमी असल्याचंच लक्षण असू शकतं, त्यात तुझ्या स्वभावाचा काही दोष नाही. आणि देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया आहे, २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत ५७ टक्के आलाय, म्हणजे तू काही एकटी नाहीस.

डॉक्टरांना दाखव आणि पाळीत रक्त जास्त जातं का ते न लाजता सांग, बऱ्याचदा मूळ तिथंच असतं. थायरॉईड आणि बी १२ पण बघायला लावतील. लोहाची गोळी दिली तर चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नको, लिंबूपाण्याबरोबर घे. जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको, चहानं जेवणातलं लोह अंगाला लागत नाही, आणि आपल्याकडं जेवण झालं की लगेच चहा टाकतात. हिमोग्लोबिन नॉर्मल आलं की गोळ्या बंद करतात सगळ्या, तसं करू नको, शरीरातला साठा भरायला पुढं साधारण तीन महिने तरी चालू ठेवायला सांगतात.

आता शुगरचं. ५.७ ते ६.४ म्हणजे शुगर होण्याच्या आधीची पायरी धरतात, ६.५ पासून डायबेटीस. पण तुझं रक्त कमी आहे, आणि लोहाच्या कमतरतेत एचबीएवनसी खऱ्यापेक्षा थोडं जास्त दिसू शकतं. त्यामुळं उपाशीपोटीची शुगर करून घे आणि रक्त भरल्यावर एचबीएवनसी परत कर. तोपर्यंत त्या ५.९ ची धास्ती घेऊन रात्र रात्र जागू नको, फक्त दुर्लक्षही करू नको कारण आईला आहे.

आणि एक, तुझ्या पगारपत्रकावर ईएसआय, म्हणजे नोकरदारांचा सरकारी आरोग्य विमा, कापतात का बघ. महिन्याचा एकूण पगार २१ हजारांपर्यंत असला आणि कंपनी ईएसआयमध्ये असली तर तुझ्याकडनं ०.७५ टक्के जातात आणि कंपनी ३.२५ टक्के भरते. त्यात तुझी, मुलांची तपासणी, औषधं होतात. ईएसआयचं कार्ड असून खिशातनं पैसे घालणाऱ्या किती तरी जणी बघितल्यात मी. नसेल ईएसआय तर सरकारी दवाखान्यात ३० च्या पुढच्यांची बीपी, शुगरची तपासणी फुकट होते, सासूबाईंनाही घेऊन जा.

गोडोलीची_मावशी

सिस्टरनं बरोबर सांगितलंय. पैशाचं मी सांगते, साताऱ्यात पतसंस्थेत काम करते, कर्ज विभागात, त्यामुळं हे जवळनं बघते.

बाळा, वडापावला हात लावायच्या आधी कार्डाकडं बघ. थकलेल्या रकमेवर बऱ्याच कार्डांना महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. ३८ हजारांवर ते १,३३० होतात, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,५०० च्या पुढं गेले, एक वस्तू घरात न येता. मिनिमम भरल्यानं फक्त उशिराचा दंड वाचतो, व्याज चालूच. आणि मागची बाकी असताना नवीन काही घेतलंस तर त्याला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, घेतल्या दिवसापासनं व्याज सुरू, हे कोणी सांगत नाही. म्हणून कार्ड आजपासनं वापरायचं बंद, ॲपमधनं त्याचा नंबर काढून टाक, आणि ऑफिसातनं ॲडव्हान्स किंवा तुमच्या पगारदार संस्थेकडनं कर्ज मिळत असेल तर ते घेऊन कार्ड एकरकमी मिटव. संस्थेचं व्याज १२-१४ टक्के असलं तरी कार्डाच्या वर्षाच्या ४२ टक्क्यांपुढं ते परवडतं.

दुसरं म्हणजे २२ तारखेला पैसे का संपतात. माझा अनुभव असा की घरं वडापावनं बुडत नाहीत, जून आणि दिवाळीनं बुडतात. शाळेची फी, वह्या, दप्तर, गणपती, दिवाळी, गाडीचा विमा, घरपट्टी हे दरवर्षी येतंच, तरी आलं की आपल्याला अचानक आल्यासारखं वाटतं आणि कार्ड निघतं. एकदाच बसून वर्षाची बेरीज कर. समजा ३० हजार आली तर महिन्याला २,५०० झाले, तेवढे ७ तारखेलाच वेगळ्या खात्यात गेले पाहिजेत, उरले तर टाकू असं म्हणून कधी उरत नाहीत. कार्ड फिटेपर्यंत २,५०० नाही जमले तर १,००० टाक. पोस्टाची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकायची ठेव, महिना १०० रुपयांपासनं निघते पण ती पाच वर्षांची असते, जूनच्या फीसाठी बँकेतली १२ महिन्यांची बरी पडेल.

रोजचा खर्च लिहून काढ असं मी सांगणार नाही. तुझ्यासारखीच्यानं ते होत नाही आणि मग त्याचंच वाईट वाटत बसतं.

पै_पैचा_हिशोब

मावशींशी थोडा असहमत. मी स्वतः लिहूनच सुधारले. सगळं नको लिहायला पण फक्त बाहेरचं खाणं आणि ऑनलाइन एवढ्या दोन गोष्टी महिनाभर फ्रिजवर कागद चिकटवून लिहा, आकडा घरातल्या सगळ्यांना दिसतो. २५० ची ऑर्डर आठवड्यातनं दोनदा म्हणजे महिन्याला २,००० गेले, हे मिस्टरांनी वाचलं की बोलावंच लागत नाही.

विश्रामबागवाला

मी पुरुष आहे, बोलू का नको विचार करत होतो, पण एवढ्या उत्तरांत एकानंही विचारलं नाही की मिस्टर साडेसहाला कुठं असतात?

आमच्या घरी बायको बँकेत, मी शिफ्टला. फर्स्ट शिफ्ट असली की मी साडेतीनला घरी. आधी मी झोपायचो आणि ती येऊन कुकर लावायची. आता फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळचा स्वयंपाक माझा असतो, भाकरी थापता येत नाही अजून पण आमटी-भात, पिठलं, अंडाकरी होते. सेकंड शिफ्टला असलो तर सकाळीच कणीक मळून, भाजी चिरून, डाळ भिजवून जातो. नाइटला ठरलेलं काही नाही, जमेल तसं. पण महिन्यातले निम्मे दिवस तरी ती घरी आली की हात-पाय धुऊन आधी बसते. बाहेरनं मागवणं आपोआप कमी झालं, त्यासाठी वेगळा नियम काही केला नाही.

ताई, हा खर्च आणि हे आजारपण घराचं आहे, तुमच्या एकटीचं नाही. रिपोर्ट मिस्टरांच्या हातात द्या आणि हा आकडा किती असायला पाहिजे तेपण सांगा.

शनिवारबाजार

मी फक्त साडेसहाचं सांगते. आल्या आल्या हातात खायला मिळालं पाहिजे, पोरांच्या आणि तुमच्याही, स्वयंपाक नंतर.

रविवारी भडंग करून डबा भरून ठेवा, सांगलीत राहून विकतचं कशाला, शेंगदाणे आणि डाळं सढळ हातानं घाला. हरभरे नाहीतर मटकी आदल्या रात्री भिजवून सकाळी कुकरला तीन शिट्ट्या, संध्याकाळी कांदा, लिंबू, मीठ मारलं की झालं, लिंबू घालाच, लोह अंगाला लागायला मदत होते. थंडीत हुलग्याचं माडगं, म्हणजे हुलग्याच्या पिठाचं गरम पातळ पेय, सासूबाईंना नक्की येत असेल, बसल्या बसल्या सांगतील त्या, आणि त्यांनाही बरं वाटेल कोणी विचारलं म्हणून. तासगावचे बेदाणे मूठभर. अंडी चालत असली तर उकडून.

आणि सकाळची ती खारी बंद करा हो. रात्रीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही, दोन मिनिटं लागतात. भाकरीसाठी शाळू (ज्वारी) घरात आणून ठेवा, महिन्याचा बाजार पगार झाल्यावर गणपती पेठेतनं एकदम भरला की गल्लीतल्या दुकानात सारखं जावं लागत नाही, तिथं गेलं की पोरं दहा रुपयांचं काहीतरी उचलतातच.

कुपवाडची_आई

खरंच मनापासून आभार सगळ्यांचे. पगारपत्रक काढून बघितलं, ईएसआय कापतायत, १४३ रुपये दर महिन्याला, आणि मी शिबिरानंतर बाहेर पैसे देऊन डॉक्टरांना दाखवायचं म्हणून पुढं ढकलत होते. सोमवारी एचआरकडनं कार्ड घेणार आहे.

मिस्टरांना रिपोर्ट दाखवला. ते गप्प बसले थोडा वेळ, मग म्हणाले पुढचा आठवडा फर्स्ट आहे, मी बघतो संध्याकाळचं. बघू. सासूबाईंनी माडग्याचं ऐकून लगेच हुलगे आणायला सांगितले.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. ऑफिसात आमची १२ जणींची भिशी आहे, महिना २,०००, पाच हप्ते झालेत, माझा नंबर अजून लागला नाही. ती सोडून ते पैसे कार्डला भरू का? आणि रात्रीच्या मोबाईलचं काय करू, तो अर्धा तास सोडायला जीव होत नाही.

गोडोलीची_मावशी

भिशी मधेच सोडू नको. व्याज मिळत नाही आणि लेखी काही नसतं, सगळा व्यवहार विश्वासावर, म्हणून मोठ्या रकमेची नवीन भिशी मी कुणाला धरायला सांगत नाही. पण ऑफिसातल्या रोज तोंड बघणाऱ्या १२ जणी आहेत, निम्मं होत आलंय, आता सोडलीस तर इतरांचा हिशोब बिघडतो आणि भरलेले पैसे कधी मिळतील ते सांगता येत नाही. त्यापेक्षा त्यांना मोकळेपणानं सांग की अडचण आहे, पुढचा नंबर मला द्या, बायका देतात, आमच्याकडं कायम देतात. २४ हजार एकदम आले की त्याच दिवशी कार्डला भर, घरीसुद्धा आणू नको. राहिलेल्या १४ हजारांसाठी ॲडव्हान्स मागायला सोपं जाईल. भिशी संपल्यावर तेच २,००० वर्षाच्या खर्चाच्या खात्यात वळव, सवय झालेलीच असते.

मोबाईलचा अर्धा तास सोडू नको ग. बघ काय बघायचं ते, आवडलं ते कार्टमध्ये टाकून ठेव, पण पैसे भरायचे ते महिन्यातनं एकाच दिवशी, पगाराच्या दुसऱ्या दिवशी ८ तारखेला, आरडी आणि कार्ड भरून झाल्यावर. तोवर त्यातल्या निम्म्या गोष्टी तुलाच नकोशा होतात. आणि यूपीआयला घरखर्चाचं वेगळं खातं जोड, त्यात आठवड्याचे पैसे टाकायचे, पगाराचं खातं फोनला जोडूच नको.

मिरज_सिस्टर

ईएसआयचं वाचून बरं वाटलं. आजारपणात डॉक्टरांनी रजा लिहून दिली तर त्यात पगाराच्या ७० टक्क्यांपर्यंत पैसेही मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, त्याच्या अटी असतात त्या एचआरला विचारून ठेव.

चालण्याचं कुणी बोललं नाही म्हणून सांगते. आठवड्याला १५० मिनिटं म्हणतात पण ती एका दमात नाहीत, जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी धरतात आणि शुगरला ते जास्त उपयोगी पडतं. पण आत्ता लगेच जोर लावू नको, धडधड आहे तोवर हळू, रक्त ११ च्या पुढं गेलं की वाढव. रात्री जेवून पोरांना घेऊन कॉलनीतच फेरी मार, मुलीला पाढे म्हणायला लाव तेवढ्यात.

गोळ्या सुरू केल्यावर शी काळी होते, घाबरून बंद करू नको, ते लोहामुळं असतं. पोट धरलं किंवा मळमळलं तर जेवणानंतर घेऊन बघ, तरी नाही जमलं तर डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घे. साधारण महिन्यानं हिमोग्लोबिन परत कर आणि इथं आकडा टाक.