वीजबिल, भाण आणि बाबांची ओरड : तुमचे अनुभव सांगा

माडाखालचा :
चवथीची साफसफाई करताना माळ्यावर आजीचं पाणी तापवायचं तांब्याचं भाण सापडलं. काळंकुट्ट, एका बाजूने चेपलेलं. न्हाणीतला धूर थेट नाकात आला. आम्ही पोरं नारळाची सोडणं, माडाची सुकी चुडतं गोळा करायचो, पेटवायचं काम बाबांचं. आता तिथे २००० वॅटचा गिझर. अर्धा तास तापला की एक युनिट गेलं, आणि आमच्याकडे चौघं चार वेळांना न्हातात. परवाचं बिल बघून वाटलं, भाणच परत काढावं. तुमच्याकडे काय करता?

बांगडो :
विकू नको हां. मला दे.

शिवराक :
मे महिन्यात गिझर कशाला हो? दुपारी टाकीतलं पाणी हात भाजतं. पण मला पहाटेची कदंब बस असते, त्यामुळे बारा महिने थंडच 😀

म्हापसेकरीण :
बीएलडीसी फॅन घातले, कमी वीज खाणारे. जुना ७५ वॅटचा, हा तिशीच्या आसपास. दिवसाला १६ तास धरले तर महिन्याला वीसेक युनिट वाचतात, एका फॅनमागे. सासूबाईंना रिमोट पसंत नाही. परवा तो तांदळाच्या डब्यात सापडला. कोणी ठेवला माहीत नाही, संशय आहे.

झेलो :
कितीला पडला गो?

म्हापसेकरीण :
मागीर सांगते, कुकर लागलाय

साखळीकर :
आम्ही तीन महिने लेकीकडे पुण्याला. घराला कुलूप, तरी बिल नेहमीएवढंच! मीटर न बघताच सरासरी लावलेली. मी दर १ तारखेला रीडिंग वहीत लिहितो, निघतानाचंही होतं. ती वही घेऊन तीन खेपा घातल्या, तेव्हा कुठे पुढच्या बिलात वळतं केलं. दुसरं, बावीच्या पंपाचा फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाण्यातल्या पाइपाच्या टोकाची झडप, बघा. तो गळका असला की पंप नुसता घरघरतो, पाणी चढत नाही, मीटर मात्र पळतो. आमच्याकडे हे कळेपर्यंत अख्खा उन्हाळा गेला.

बांगडो :
साखळीकर, पुण्यात पाऊस आहे काय? पुढच्या आठवड्यात जायचंय.

साखळीकर :
छत्री घे. चोर्ला घाटात सांभाळून.

रात्रपाळी :
वेर्ण्याला नाइट, दिवसा झोप. एसी १८ वर लावून गोधडी घ्यायचो. बायकोने २५ वर नेला आणि वर फॅन लावला. गोधडी सुटली. एवढंच, डोळे मिटतायत.

झेलो :
बाबा ओरडायचे, "दिवाळी लागली काय घरात?" आता मीही पोरांना तेच म्हणतो. वास्तविक ९ वॅटचे तीन एलईडी मिळून जुन्या ६० च्या एका बल्बाच्या निम्मेसुद्धा होत नाहीत. तरी तोंडातून निघतंच.

माडाखालचा :
भाण चिंचेने घासलं, लखलखतंय. आई म्हणते, नरकचतुर्दशीला एकदा पेटवूया. पण सोडणं कुठली? माड गेल्या वर्षीच पाडले, गाडी ठेवायला.

बांगडो :
सोडणं माझ्याकडे पोतंभर आहेत. भाणाच्या बदल्यात.