मदत हवी आहे: कॅनिबल कॉर्प्स, जी शार्प ट्यूनिंग आणि सैल तार

डेथ मेटल बँड कॅनिबल कॉर्प्सच्या 'व्हायोलन्स अनइमॅजिन्ड' (2021) या अल्बममधलं 'कंडेम्नेशन कंटेजियन' गिटारवर बसवतोय. गिटारवादक पॅट ओब्रायनच्या जागी आलेल्या एरिक रुटनने लिहिलेल्या तीन गाण्यांपैकी हे एक, आणि त्याच्या रिफ्सचा (पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या सुरावटींचा) वेगळेपणा मला फार आवडतो.

गिटार सात तारांचं, स्केल (नट ते ब्रिज, तारेची वाजणारी लांबी) 25.5 इंच, फिक्स्ड ब्रिज. सगळ्या तारा तीन सेमीटोन खाली, म्हणजे सर्वांत जाड तार जी शार्प. 62 ची (0.062 इंच जाडीची) तार लावली तर ताण जेमतेम 13 पाउंड. जोरात पिक मारला की सूर वर सरकतो, पाम म्यूट (तळहाताने तार दाबून काढलेला आवाज) गढूळ होतो. 70 लावली तर ताण सुधारला, पण सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) पूर्ण मागे नेऊनही बाराव्या फ्रेटवर सूर चढाच. नटची (मानेच्या टोकाच्या पट्टीची) खाच कोरून झाली आहे, अँपचा गेन (डिस्टॉर्शनची पातळी) कमी करून पाहिला.

नवं गिटार शक्य नाही. याच स्केलवर 66 किंवा 68 ने इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं) जुळवलंय का कुणी, आणि कोणत्या बनावटीच्या तारेने?