सर्व्हिसिंगनंतर ऑइल गळून इंजिन जाम: गॅरेजची जबाबदारी कुठपर्यंत?

कराड_पेट्रोल

गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१८ ची, ६२,४०० किमी, कंपनीची वॉरंटी संपलेली. एका खासगी गॅरेजमध्ये ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलून घेतला. ४,२०० रुपयांचं पक्कं बिल आहे, त्यावर किलोमीटरची नोंद आहे. त्यानंतर साधारण १३० किमीवर हायवेला ऑइलचा लाल दिवा लागला. गाडी लगेच कडेला घेऊन बंद केली, पण खडखड आधीच सुरू झाली होती. फ्लॅटबेडवरून दुसऱ्या वर्कशॉपला आणली आहे. डिपस्टिकला तेल लागत नाही, फिल्टरच्या आसपास आणि खाली सगळं ओलं आहे. वर्कशॉपने हाफ इंजिनचा (ब्लॉक, क्रँक, पिस्टन असा इंजिनाचा खालचा भाग) अंदाज ७८,००० रुपये दिला आहे.

पहिलं गॅरेज म्हणतं, दिवा लागल्यावरही तुम्ही गाडी चालवली. शिवाय बिलामागे छापलेली ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ ही ओळ दाखवतं. आधी काय करावं? ती ओळ टिकते का? आणि विम्यातून काही मिळेल का? पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे, एनसीबी (नो क्लेम बोनस, क्लेम न घेतल्याबद्दलची सूट) ३५ टक्के.

फोरमन_सातपूर

इंजिन खोलू देऊ नका आणि फिल्टरला कोणाचा हात लागू देऊ नका. वर्कशॉपला हे आजच व्हॉट्सॲपवर लिहून कळवा. पाहणीआधी फिल्टर निघाला तर तो कसा बसवला होता हे नंतर कोणालाच सिद्ध करता येत नाही.

वर्णनावरून पहिला संशय दुहेरी सीलचा. जुना फिल्टर काढताना त्याचं रबर सील कधीकधी इंजिनच्या बैठकीला चिकटून राहतं. ते न बघता वर नवा फिल्टर चढवला की दोन सील एकमेकांवर बसतात. गॅरेजमध्ये आयडलला बऱ्याचदा काहीच गळत नाही. हायवेला आरपीएम वाढून दाब चढला की सील जागेवरून सरकतं आणि पंप तेल बाहेर फेकू लागतो. या वर्गाच्या इंजिनात जेमतेम तीन-साडेतीन लिटर तेल असतं, ते संपायला फार वेळ लागत नाही. दुसरी शक्यता फिल्टर सैल राहिल्याची: सील टेकल्यावर साधारण पाऊण फेरा आवळायचा असतो, बहुतेक फिल्टरच्या डब्यावरच ते छापलेलं असतं. तिसरी शक्यता चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या) ड्रेन नटाची, म्हणजे आटे गेलेले किंवा जुनाच वॉशर परत लावलेला. वाऱ्याने तेल मागे आणि खाली पसरतं, म्हणून सगळ्यात पुढची आणि सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. गळती तिथूनच सुरू झालेली असते. फिल्टर कोरडा आणि नटापासून मागे ओलं असेल तर दोष नटाचा.

पाहणी पहिल्या गॅरेजच्या माणसासमोर करायची. त्यांना चार-पाच दिवस आधी तारीख, वेळ आणि पत्ता लेखी कळवा. सोबत विमा कंपन्यांसाठी काम करणारा परवानाधारक मोटर सर्व्हेअर स्वतःच्या खर्चाने बोलवा. त्याच्या अहवालाला ग्राहक आयोगापुढे वजन असतं, शेजारच्या मेकॅनिकच्या तोंडी मताला नसतं.

न थांबवता एकच व्हिडिओ घ्या. सुरुवात ओडोमीटर आणि इंजिन नंबरपासून. मग फिल्टर आणि ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) या दोन्हींवर जाणारी एक सलग रेघ पेंट मार्करने मारा, म्हणजे काढताना तो किती फिरला हे दिसतं. चेंबरमधलं उरलेलं तेल मापाच्या भांड्यात काढून मिलिलिटर लिहा. त्यानंतर फिल्टर काढा आणि सील एक की दोन हे कॅमेऱ्यात जवळून दाखवा. फिल्टर, सील, वॉशर पिशवीत सीलबंद करून त्यावर हजर असणाऱ्यांच्या सह्या. मग चेंबर उतरवून बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड क्रँकला जिथे जोडतो तिथले) बघायचे. तेलाविना चाललेल्या बेअरिंगचा वरचा थर घासून निघालेला असतो, क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंग बसतं त्या गुळगुळीत भागावर) ओरखडे आणि निळसर झाक येते. कूलंटची पातळीही नोंदवा. नाहीतर उद्या ‘इंजिन गरम करून मारलं’ हा मुद्दा येतो.

लाल दिव्याबद्दल: तो तेलाची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तेल इतकं कमी व्हावं लागतं की चेंबरमधला स्ट्रेनर (पंपाची तेल ओढणारी जाळी) हवा ओढू लागतो, तेव्हा दाब पडतो आणि दिवा लागतो. म्हणजे दिवा दिसतो तेव्हा बेअरिंग कोरडे पडायला लागलेलेच असतात. दिव्यानंतर दहा किलोमीटर गाडी पळवली तर गॅरेजचं म्हणणं खरं ठरेल, लगेच थांबवली तर नाही. त्यासाठी फास्टॅगची टोलची वेळ, टोचनवाल्याला किंवा रोडसाइड असिस्टन्सला केलेल्या कॉलची वेळ आणि गाडी जिथून उचलली ती जागा जपून ठेवा.

ग्राहकबाजू_ठाणे

फोरमन साहेबांनी पुराव्याचं नीट सांगितलं आहे, मी कायद्याचं सांगतो.

दुरुस्तीसाठी गाडी ताब्यात देणं हे भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १४८ प्रमाणे ‘बेलमेंट’, म्हणजे ठराविक कामासाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणं, आहे. कलम १५१ प्रमाणे गॅरेजने त्या गाडीची, सामान्य समजूतदार माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घ्यायची असते. ‘मालकाच्या जबाबदारीवर’ ही छापील ओळ निष्काळजीपणावर पांघरूण घालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ताज महाल हॉटेलच्या खटल्यात हेच सांगितलं. तिथे व्हॅले पार्किंगला दिलेली मारुती झेन चोरीला गेली होती आणि पार्किंगच्या चिठ्ठीवर अशीच अट होती. काळजी घेतली होती हे आधी हॉटेलने दाखवावं, असं न्यायालयाने म्हटलं.

पण त्या निकालावर एकट्यावर विसंबू नका. गाडी गॅरेजच्या ताब्यात असताना नुकसान झालं, लिफ्टवरून घसरली, दाराला पोचा पडला, रंग उडाला, तर गॅरेजला खुलासा द्यावाच लागतो. तुमची गाडी मात्र ताब्यातून बाहेर पडून १३० किमी चालली. काम चुकीचं झालं आणि त्यामुळेच इंजिन गेलं, हा दुवा तुम्हालाच जोडायचा आहे. तो जोडणारा पुरावा म्हणजे संयुक्त पाहणी आणि सर्व्हेअरचा अहवाल.

नंतर स्पीड पोस्टने नोटीस पाठवा आणि ईमेलनेही. त्यात बिल क्रमांक, दोन्ही वेळचे किलोमीटर, पाहणीत काय निघालं, रक्कम आणि १५ दिवसांची मुदत. रकमेत दुरुस्ती, टोचन, सर्व्हेअरची फी आणि पावती असलेला पर्यायी प्रवास धरा. मनस्तापाची भरपाई मागता येते, पण तिथे लाखांचे आकडे घालून मूळ मागणीला कमजोर करू नका. ६२ हजार किमी चाललेल्या इंजिनाच्या जागी नवे भाग येणार असतील तर घसाऱ्यापोटी काही रक्कम वजा होऊ शकते, हेही धरून चाला.

उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अधिकारक्षेत्र आणि शुल्क दोन्ही सेवेसाठी मोजलेल्या मोबदल्यावरून ठरतं. तुमचा मोबदला ४,२०० रुपये आहे. पाच लाखांपर्यंत शुल्क शून्य. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, गॅरेजच्या गावी जायची गरज नाही. मुदत दोन वर्षं. ऑनलाइन दाखल करायला ई-जागृती पोर्टल आहे, आणि त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद केली तर कधीकधी तेवढ्यानेच गॅरेज बोलायला तयार होतं. व्हॉट्सॲप आणि व्हिडिओ जोडताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र लावा. मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तो विकू किंवा फॉरमॅट करू नका.

पाहणी झाल्यावर निकालाची वाट बघत गाडी वर्षभर उभी ठेवू नका. नुकसान कमी ठेवायचे वाजवी प्रयत्न केले का, हेही बघितलं जातं. दुरुस्ती करून घ्या, जुने भाग मात्र जपून ठेवा.

विमा_डेस्क

विम्यातून आशा कमी. नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो आणि तेल गळून इंजिन बसलं तर ते त्यातच धरलं जातं. इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन असेल तर त्याची अट शब्दशः वाचा. बहुतेक ठिकाणी पाणी शिरणं किंवा खालून मार लागून तेल गळणं एवढंच असतं, सदोष दुरुस्ती नसते. शिवाय क्लेम मंजूर झाला तरी पुढच्या नूतनीकरणाला ३५ टक्के एनसीबी शून्यावर येईल.

गॅरेजमध्ये गाडी ठोकली किंवा जळाली, तर गोष्ट वेगळी. तिथे स्वतःच्या पॉलिसीत क्लेम होऊ शकतो आणि पैसे दिल्यावर विमा कंपनी तुमच्या जागी उभी राहून गॅरेजकडून वसूल करू शकते. म्हणून क्लेमच्या आधी गॅरेजला ‘आता माझी काही मागणी नाही’ असं लिहून देऊ नका. गॅरेजसाठी मोटर ट्रेड पॉलिसी असते, रस्त्यावरच्या आणि आवारातल्या जोखमीची वेगवेगळी. मोठ्या गॅरेजला ती आहे का, हे नोटिशीतच विचारा.

अमोल_पनवेल

मधेच विचारतो. गॅरेजच्या पोराने ट्रायल मारताना कोणाला उडवलं तर मालक अडकतो का?

विमा_डेस्क

जखमीला भरपाई देण्याची जबाबदारी तुमच्या थर्ड पार्टी विम्यावर येते. गाडी दुरुस्तीला दिलेली असली तरी विमा कंपनी सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गुरू गोवेकर खटल्यात स्पष्ट केलं. धोका परवान्याचा आहे. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर कंपनी आधी भरपाई देऊन नंतर मालकाकडून वसुली मागू शकते. म्हणून जॉब कार्डवर ‘ट्रायल फक्त लायसन्सधारकाने घ्यावी’ असं लिहून घ्या.

कराड_पेट्रोल

सगळ्यांचे आभार. पाहणीचं पत्र गेलं. त्यावर गॅरेजचा फोन आला: पाहणी राहू द्या, आम्ही जुन्या गाडीचं चांगलं इंजिन फुकट बसवून देतो. घ्यावं का?

फोरमन_सातपूर

पाहणी रद्द करू नका, बोलणी त्यानंतर करा. जुनं इंजिन घ्यायचंच असेल तर ते कुठल्या गाडीतून काढलं त्याचा कागद, बसवण्याआधी चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट तुमच्यासमोर, आणि किमान सहा महिन्यांची लेखी हमी. ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो, आरटीओकडे आरसीवर त्याची नोंद करावी लागते. नोंद नसेल तर गाडी विकताना आणि विम्याच्या क्लेमला अडचण येते. तुमच्या इंजिनाचा ब्लॉक शाबूत असेल तर तोच ठेवून क्रँक, बेअरिंग, ऑइल पंप नवे घालणं मी जास्त बरं समजतो.

ग्राहकबाजू_ठाणे

आणि तडजोड झाली तर साध्या कागदावर नको, स्टॅम्प पेपरवर करा: कोणते भाग, कोण बसवणार, किती दिवसांत, हमी किती. गाडी ताब्यात घेऊन काही दिवस चालवून बघेपर्यंत ‘पूर्ण व अंतिम’ या शब्दांवर सही करू नका. त्या दरम्यान फिल्टरची सीलबंद पिशवी तुमच्याकडेच ठेवा, गॅरेजला परत देऊ नका.