मदत हवी आहे : ऑस्करच्या अ‍ॅनिमेशन गटासाठी चिठ्ठीवर कोणाचं नाव लिहू? (पैज हापूसच्या पेटीची आहे)

खाडीकाठचा_झेरॉक्सवाला | 17 फेब्रुवारी 2025, दुपारी

नमस्कार मंडळी,

वेंगुर्ल्याहून लिहितोय. दुकान झेरॉक्स आणि डीटीपीचं. बारावीच्या हॉलतिकिटांची गर्दी ओसरली, त्यामुळे दुपारी हात रिकामे आणि डोकं नको तिथे चालतंय.

आमचा 14 जणांचा कंपू दर वर्षी ऑस्करवर पैज लावतो. सगळ्या गटांवर नाही, तेवढे सिनेमे इथे बघायला मिळतात कुठे! फक्त अ‍ॅनिमेशनपटांवर. सुरुवात माझ्या भाचीने केली. 2018 साली ती पहिलीत होती, 'कोको' बघून ढसाढसा रडली आणि ह्यालाच बक्षीस मिळणार म्हणून माझ्याशी पाच रुपयांची पैज लावून बसली. जिंकली. आता माणशी 300 रुपये जमतात आणि त्या पैशांतून ओळखीच्या बागवाल्याकडून हंगामातली पहिली पेटी जिंकणाऱ्याच्या घरी जाते.

चिठ्ठ्या माझ्याच दुकानातल्या फरसाणाच्या रिकाम्या बरणीत टाकायच्या, 28 तारखेला रात्री झाकण सेलोटेपने बंद. चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहायच्या : जिंकणाऱ्या सिनेमाचं नाव, आणि बरोबरी झालीच तर म्हणून 'द वाइल्ड रोबोट'ला एकूण किती ऑस्कर मिळतील तो आकडा. त्याला अ‍ॅनिमेशन, संगीत आणि ध्वनी अशी तीन नामांकनं आहेत.

गेल्या वर्षी मी तोंडावर आपटलो. अ‍ॅनी पुरस्कार (अ‍ॅनिमेशनच्या धंद्यातल्या लोकांचा), निर्मात्यांच्या संघटनेचा पुरस्कार, समीक्षकांचा क्रिटिक्स चॉइस, तिन्ही 'स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'ला मिळालेले. मी डोळे मिटून तेच नाव टाकलं. ऑस्कर गेलं जपानच्या मियाझाकींच्या 'द बॉय अँड द हेरॉन'ला. भाचीच्या चिठ्ठीवर तेच होतं. एका आंब्यासाठी बहिणीच्या घरी जाऊन ओट्यावर ताटकळत बसावं लागलं.

यंदाही तेच ताट पुढ्यात आहे. अ‍ॅनी, निर्मात्यांचा, क्रिटिक्स चॉइस, तिन्ही 'द वाइल्ड रोबोट'ला. गोल्डन ग्लोब लॅटव्हियाच्या 'फ्लो'ला. आणि काल रात्री ब्रिटनचं बाफ्टा गेलं 'वॉलेस अँड ग्रॉमिट : व्हेंजन्स मोस्ट फाऊल'ला! म्हणजे आता तीन दिशांना तीन वाटा. उरलेल्या दोघांत 'इनसाइड आउट 2'ने जगभरात 160 कोटी डॉलरच्या वर गल्ला केला, पण आमच्याकडे पतसंस्थेतल्या एका गृहस्थांखेरीज त्याचं नाव कोणी घेत नाहीये. 'मेमॉयर ऑफ अ स्नेल' मोठ्यांसाठीचा आहे.

आता माझी अडचण. मन 'वाइल्ड रोबोट'कडे ओढतं. त्यात एक यंत्र हंसाच्या पोरक्या पिल्लाला वाढवतं. आमच्या आईने एकदा खुडूक बसलेल्या कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवली होती. पिल्लं बाहेर आली, आठ दिवसांनी मळ्यातल्या तळीत सरळ उतरली, आणि कोंबडी काठावर पंख पसरून जी ओरडत सुटली ती संध्याकाळपर्यंत. पोहायला शिकवण्याचा तो प्रसंग बघताना मला ती कोंबडीच दिसत होती. आता असल्या माणसाने तटस्थपणे चिठ्ठी कशी लिहायची?

'फ्लो' मी पाहिलेला नाही. कोणी पाहिलाय का? आणि ह्या वेगवेगळ्या बक्षिसांपैकी कुठल्यावर किती भरवसा ठेवायचा, हे कोणी नीट सांगेल का?

---

आडनाव_नको | 17 फेब्रुवारी, संध्याकाळी

झेरॉक्सवाले, प्रश्न चांगला आहे, थोडा घाम गाळलाय.

ग्लोब आणि बाफ्टा, दोन्हीकडे अ‍ॅनिमेशनपटांचा वेगळा गट 2006 सालच्या सिनेमांपासून आहे. तिथून 2023 पर्यंत 18 वर्षं होतात. वहीत रकाने आखून मोजलं :

अ‍ॅनी आणि ऑस्कर 18 पैकी 10 वेळा जुळले. ग्लोब आणि ऑस्कर 14 वेळा. बाफ्टा आणि ऑस्कर 15 वेळा.

म्हणजे ज्या बक्षिसाला तुम्ही सोनं समजत होतात ते तिघांत सगळ्यात कमअस्सल. 2008 साली अ‍ॅनीने 'वॉल-ई'ला डावलून 'कुंग फू पांडा'ला निवडलं. 2010 ला 'हाऊ टु ट्रेन युवर ड्रॅगन', ऑस्कर 'टॉय स्टोरी 3'ला. 2019 ला 'क्लाउस', 2021 ला 'द मिचेल्स व्हर्सेस द मशीन्स', 2023 ला तुमचा कोळीमानव. तिन्ही वेळा ऑस्कर दुसरीकडे.

कारण साधं आहे. अ‍ॅनी देतात ते ह्याच धंद्यातले लोक. एखादं पात्र वळताना वजन पायावरून कसं सरकलं, ते त्यांना दिसतं. ऑस्करची नामांकनं मुख्यतः अ‍ॅनिमेशनवालेच ठरवतात, पण शेवटचं मत ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या सगळ्या सदस्यांना असतं : नट, वेशभूषाकार, संकलक, सगळे. शिवाय 2025 च्या ह्या मतदानात पाचही सिनेमे बघितल्याशिवाय मत देता येणार नाही असं बंधन ह्या गटात नाही. सुतारांनी निवडलेली खुर्ची आणि बसणाऱ्यांनी निवडलेली खुर्ची एकच असेल असं नाही.

मतदान उद्याच, 18 ला संपतंय. म्हणजे बाफ्टाचा निकाल बघून मत देणारे आता थोडेच उरले असतील.

---

सुरमई_फ्राय | 17 फेब्रुवारी, रात्री

18 पैकी 15! मग चर्चा कसली करताय, 'वॉलेस अँड ग्रॉमिट' लिहा आणि पेटी घरी न्या. दिग्दर्शक निक पार्क यांच्याकडे आधीची चार ऑस्कर आहेत. शिवाय तो सिनेमा नेटफ्लिक्सवर आहे, घरोघरी पोचलेला. तो पेंग्विन फेदर्स मॅग्रॉ सबंध सिनेमात एक शब्द बोलत नाही, चेहऱ्यावर एक रेघ हलत नाही, तरी धडकी भरवतो. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तसेच आहेत.

---

आडनाव_नको | 17 फेब्रुवारी, रात्री

सुरमई, यंदाचं बाफ्टा म्हणजे माहेरी झालेलं कौतुक. तो काढणाऱ्या ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओला ब्रिटनमध्ये मिळालेलं बक्षीस तराजूत टाकताना थोडं वजन काढून टाकायला हवं. सिनेमा झकास आहे, पण अमेरिकेत ह्या हंगामात त्याला मोठं काही मिळालेलं नाही.

---

बोरूबहाद्दर | 18 फेब्रुवारी, सकाळी

'वाइल्ड रोबोट'च. दिग्दर्शक ख्रिस सँडर्स यांचं ह्या गटातलं हे चौथं नामांकन. 'लिलो अँड स्टिच', 'हाऊ टु ट्रेन युवर ड्रॅगन', 'द क्रूड्स', तिन्ही वेळा हात हलवत परत. तो काढणाऱ्या ड्रीमवर्क्स स्टुडिओलाही 'श्रेक' आणि आर्डमनबरोबरचा 2005 चा 'वॉलेस अँड ग्रॉमिट' सोडला तर ह्या गटात काही मिळालेलं नाही. कधीतरी देणं फेडायला नको?

---

खाडीकाठचा_झेरॉक्सवाला | 18 फेब्रुवारी, सकाळी

बोरूबहाद्दर, तुमच्या तोंडात साखर पडो, पण ह्याच तर्काने मी आमच्या वॉर्डातल्या एका उमेदवाराला तीनदा मत दिलंय.

आडनाव_नको, त्या वहीच्या पानाचा फोटो टाका ना. लॅमिनेशन करून दुकानात लावतो.

---

चिपळूणची_मी | 19 फेब्रुवारी, पहाटे

मी पाहिलाय 'फ्लो'. आता बॉस्टनला असते, डिसेंबरमध्ये इथल्या थिएटरात पाहिला. जेमतेम दीड तासाचा. त्यात माणूस नाही, संवाद नाही. एक काळं मांजर, पाणी वाढत जातं, आणि एक शिडाची होडी. होडीत हळूहळू जमा होतात : एक कॅपिबारा (अवाढव्य घुशीसारखा प्राणी), चमकणाऱ्या वस्तू गोळा करणारा माकडासारखा लेमूर, एक लॅब्रेडॉर, एक उंच पायांचा सेक्रेटरी पक्षी. कोणी विनोद करत नाही, कोणी गाणं म्हणत नाही. मांजर मांजरासारखंच वागतं.

मी 22 जुलै 2021 ला चिपळुणात घरी होते. रात्री पाणी शिरलं तेव्हा आम्ही माळ्यावर गेलो, आणि आमची मनी जिन्यात बसली. पाणी एक पायरी चढलं की ती एक पायरी वर यायची. घाई नाही, ओरडणं नाही. पाण्याकडे बघत बसायची, पंजा भिजला की उठायची. अशा सात पायऱ्या तिने मोजल्या. सिनेमात ते मांजर एका अवाढव्य मांजराच्या पुतळ्यावर अगदी तसंच चढत जातं, वर वर, डोक्यापर्यंत, आणि मग चढायला काही उरत नाही. मी थिएटरात दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले होते, हे शेजारच्या बाईंनी मला नंतर सांगितलं.

जिंकेल का ते मला कळत नाही. पण पाहिलेल्यांपैकी 'ठीक होता' म्हणणारं मला अजून कोणी भेटलेलं नाही.

---

आडनाव_नको | 19 फेब्रुवारी, सकाळी

चिपळूणची, तुमचा प्रतिसाद वाचून वही मिटली.

तरी झेरॉक्सवाल्यांसाठी : न्यूयॉर्कचे समीक्षक, लॉस एंजेलिसचे समीक्षक आणि नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यू, तिघांनीही 'फ्लो'लाच निवडलं होतं. दुसरं नामांकन आंतरराष्ट्रीय सिनेमाच्या गटात आहे, म्हणजे एरवी अ‍ॅनिमेशनकडे न फिरकणाऱ्यांनीही तो बघितला असणार. आणि खर्च सुमारे 35 लाख युरो. 'वाइल्ड रोबोट'चा 7 कोटी 80 लाख डॉलर. दिग्दर्शक गिन्ट्स झिलबालोडिस अवघ्या तिशीचे. सिनेमा ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरवर केलाय, जे कोणालाही फुकट मिळतं. अशी गोष्ट मत देणाऱ्याला आवडते.

---

खाडीकाठचा_झेरॉक्सवाला | 19 फेब्रुवारी, दुपारी

ब्लेंडर?! अहो, माझ्या दुकानात कामाला येणारा मुलगा ब्लेंडरवर लग्नपत्रिकेसाठी गोल फिरणारा गणपती करतो. 500 रुपयांत, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला. त्याला आत्ताच हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'मग माझं रेंडर होताना कॉम्प्युटर गरम होतो म्हणून पंखा माझ्याकडे वळवू नका, कॉम्प्युटरकडे वळवा.' पंखा वळवला आहे.

चिपळूणची, मनीचं पुढे काय झालं?

---

चिपळूणची_मी | 19 फेब्रुवारी, रात्री

आहे. म्हातारी झालीय, आईच्या पदराशी असते. पावसाळ्यात मात्र रात्रीची जिन्यातच झोपते.

---

मालवणचो_झिल | 20 फेब्रुवारी, सकाळी

तुमचा गणित माका काय कळला नाय. माका इतक्याच सांगा, त्या पिक्चरात कोण बोलत नाय म्हणतत ता खरां? मगे आमच्या आयेक दाखवूक होयो. डब केलेलो पिक्चर तिका झेपणा नाय, आणि खालची अक्षरां वाचूक गेली की चित्र चुकता.

---

चिपळूणची_मी | 20 फेब्रुवारी, संध्याकाळी

खरं आहे, फक्त आवाज. तेही खऱ्या प्राण्यांचे. कॅपिबाराचा मात्र उसना. त्याचा स्वतःचा आवाज फारच चिरका निघाला, म्हणून उंटाच्या पिल्लाचा वापरला. आईंना जरूर दाखवा.

---

बोरूबहाद्दर | 21 फेब्रुवारी, सकाळी

सगळे मांजरामागे गेलात. निर्मात्यांच्या संघटनेचं बक्षीस विसरू नका, त्यात अकादमीचे पुष्कळ मतदार असतात. मी माझ्या मतावर ठाम. हरलो तर ह्याच धाग्यावर येऊन कबूल करीन.

---

खाडीकाठचा_झेरॉक्सवाला | 28 फेब्रुवारी, रात्री

बरणी बंद केली. पहिल्या ओळीत 'फ्लो' लिहिलं. लिहिताना त्या कोंबडीची क्षमा मागितली. दुसऱ्या ओळीत मात्र हात अडला. 'वाइल्ड रोबोट'ला अगदीच शून्य कसं लिहायचं? संगीताचं तरी मिळेल. 1 लिहिलं.

भाची चिठ्ठी टाकायला आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर त्या पेंग्विनसारखीच एक रेघ हलत नव्हती.

---

खाडीकाठचा_झेरॉक्सवाला | 3 मार्च, सकाळी

पहाटे साडेपाचला आठ जण दुकानातच जमलो होतो, बाहेर अजून अंधार. 'फ्लो'! लॅटव्हियाचं हे पहिलंच ऑस्कर. कामावरचा मुलगा सुट्टी असून आला होता, तो टेबलावर चढला.

चिठ्ठ्या उघडल्या. 14 पैकी फक्त दोघांनी 'फ्लो' लिहिलं होतं, मी आणि भाची. मग दुसरी ओळ. संगीत गेलं 'द ब्रूटलिस्ट'ला, ध्वनी 'ड्यून : पार्ट टू'ला. 'वाइल्ड रोबोट'ला काहीच नाही. तिने 0 लिहिलं होतं. विचारलं, एवढं निष्ठुर कसं लिहवलं गं? म्हणाली, "मामा, मला पण तोच आवडला होता. पण चिठ्ठीवर आवडता लिहा असं कुठे होतं?"

आडनाव_नको, चिपळूणची, मनापासून आभार. बोरूबहाद्दर, वाट बघतोय. सुरमई, तुमच्या सेक्रेटरींना नमस्कार.

---

बोरूबहाद्दर | 3 मार्च, दुपारी

कबूल. पेटी आली का?

---

खाडीकाठचा_झेरॉक्सवाला | 3 मार्च, दुपारी

नाही अजून. बागवाला म्हणतो, यंदा मोहोर उशिरा, पाडव्याच्या आधी विचारू नका. बहिणीच्या ओट्यावर जागा मात्र आजच धरून आलोय.