मदत हवी आहे: आनंद माझा की आजाराचा?

बायपोलरचं (मूड कधी खूप चढतो, कधी खूप खाली जातो, तो आजार) निदान होऊन 6 वर्षं झाली. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) नियमित चालू आहे, त्याची रक्तातली पातळी ठीक येते, झोपही 7 तास होते. त्यामुळे गोळ्या बंद करण्याचा प्रश्नच नाही.

काल जुनी वही सापडली. रात्री 3 वाजता लिहिलेल्या कविता, अक्षर ओळ सोडून पळणारं. घरचे म्हणाले, "तेव्हा तू आजारी होतीस." मग कविता कोणाच्या? (दोन तर खरंच बऱ्या आहेत!) आता जरा मोठ्याने हसले तरी सगळे चेहरा निरखतात. आणि मीही.

मूड डायरी (रोजच्या मूडला आकडा देऊन नोंद) करून पाहिली, पण नुसते आकडेच उरले. समुपदेशन चालू आहे.

ज्यांना हेच निदान आहे त्यांना विचारते: साधा आनंद आणि चढत चाललेला मूड, यातला फरक तुम्ही स्वतः कशावरून ओळखता?